हायडेलबर्गला शिकणारी मुलगी

वडिलांच्या अस्थी घेऊन आई आणि मी पुण्याला गेलो. दुसऱ्या दिवशी आत्याकडे भेटायला आलेल्या एका बाईंनी मला विचारलं, "हायडेलबर्गला तुझी पीएचडी कधी संपणार?" मी हायडेलबर्गला कधी शिकले नाही. मी पुस्तकांच्या दुकानात काम करते. आई माझ्या शेजारी बसली होती. ती मांडीवरचा पदर सारखा करत राहिली.

मला आधी वाटलं, बाईंची काहीतरी गफलत होते आहे. त्या आत्याच्या शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या, निवृत्त शिक्षिका. दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीशी माझी सांगड घालत असतील. मी म्हणाले, "माझी?"

"अगं, थकलीये ती," आत्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "विमानातून उतरल्यापासून झोपलेली नाही. दादा तर अगदी शेवटच्या फोनपर्यंत तिचंच सांगत होता. म्हणे, युद्धानंतरच्या लेखिकांवर काम चाललंय, प्रोफेसर फार खूश आहेत. काय ग?"

सगळ्या खोलीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते मलाही सांगता आलं नसतं, पण लोकांनी ती होकाराची धरली. थोड्या वेळाने त्या बाई उठल्या. सुतकाच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, म्हणून त्या काही न बोलता चपला घालून गेल्या. त्यामुळे ते बोलणं कुठे संपलं असं झालंच नाही. ते तसंच खोलीत राहिलं.

युद्धानंतरच्या लेखिका मला ओळखीच्या होत्या. नुकत्याच संपलेल्या हिवाळ्यात आमच्या दुकानाच्या खिडकीत मी त्यांची पुस्तकं मांडली होती. एका शनिवारी बाबा दुकानात आले होते तेव्हा त्यांतल्या एका कादंबरीबद्दल मी त्यांना बराच वेळ सांगत बसले होते. त्यांनी बारीकसारीक प्रश्न विचारले होते. ती बाई कुठल्या शहरातली, घर पडल्यावर ती कुठे राहायची, पुस्तक आधी कुणी का छापलं नाही. मला वाटलं होतं, ते माझ्यासाठी विचारताहेत.

आम्ही जर्मनीत आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबा गेर्लिंगेनला इंजिनियर म्हणून लागले आणि आम्ही तिथून थोड्याच अंतरावरच्या एका गावात घर घेतलं. महाराष्ट्र मंडळात माझ्या वयाची जी मुलं होती, त्यांना मराठी कळायचं, पण ती उत्तरं जर्मनमध्ये द्यायची. मी मराठीत द्यायचे. त्याचं श्रेय बाबांचं. रविवारी सकाळी नाश्त्यानंतर ते मला मराठी पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायला लावायचे. ते स्वतः वाचणारे नव्हते. वर्तमानपत्र आणि यंत्रांची माहितीपत्रकं, यापलीकडे त्यांनी काही वाचलेलं मला आठवत नाही. पण माझं वाचणं ते डोळे मिटून ऐकायचे, आणि मी एखादा शब्द खाल्ला तर डोळे न उघडता म्हणायचे, "हं, परत."

तिथल्या शाळेत एक पद्धत आहे. नववी-दहावीच्या मुलांना आठवडाभर कुठेतरी काम करून बघायला पाठवतात. दवाखाना, बेकरी, बँक, जिथे कुणी घेईल तिथे. मी पलीकडच्या गावातल्या पुस्तकांच्या दुकानात गेले. मालकीणबाई पन्नाशीच्या, उंच, आवाजाला खरखरीत. त्यांनी पहिल्या सकाळी मला दुकानाच्या मागच्या दाराशी नेलं. तिथे पहाटे येऊन पडलेले प्लास्टिकचे क्रेट होते. आदल्या संध्याकाळी गिऱ्हाइकांनी मागितलेली पुस्तकं त्यांत असायची. ती काढायची, प्रत्येकात मागणाऱ्याच्या आडनावाची चिठ्ठी घालायची आणि काउंटरमागच्या फळीवर अक्षरांच्या क्रमाने लावायची. आदल्या दिवशी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नाव अर्धवट सांगून मागितलेलं पुस्तक त्यांतून निघालं. ते दुपारी आले, फळीकडे न बघताच म्हणाले, "आलं नसेल ना?" मी त्यांच्या हातात ते दिलं. एवढंच झालं. पण पुढची तीन वर्षं शाळेत मी जे काही शिकले, ते त्या फळीकडे परत जायचंय हे धरून शिकले.

आबिटूर, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा झाली, तेव्हा माझ्यापुढे तीन रस्ते होते. हायडेलबर्गला जर्मन साहित्यासाठी प्रवेश मिळाला होता. दुकानाच्या मालकीणबाई तीन वर्षांच्या आउसबिल्डुंगला घ्यायला तयार होत्या. म्हणजे आठवड्यातले बरेचसे दिवस दुकानात काम, मधेमधे व्यवसायशाळा, आणि शेवटी परीक्षा. पुस्तकविक्रेता हा तिकडे शिकून घ्यायचा व्यवसाय आहे, हे आईला कितीही सांगितलं तरी पटत नव्हतं. तिचं म्हणणं तिसरंच होतं. वर्षभर कुठेही काम कर, डोकं थंड होऊ दे, मग आपोआप विद्यापीठात जाशील.

"दुकानात उभं राहायला आबिटूर कशाला लागतं?" ती म्हणायची.

"लागत नाही. पण असलेलं चालतं."

"बघा, ऐका तुमच्या मुलीचं. अहो, तुम्ही तरी बोला काही."

बाबा बोलायचे नाहीत. मग एका रविवारी ते म्हणाले, "चल, हायडेलबर्ग बघून येऊ. न बघता नाही म्हणू नये."

आम्ही दोघंच गेलो. आईने बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली. विद्यापीठाच्या इमारती सुट्टीमुळे बंद होत्या, पण बाबांनी प्रत्येक दाराशी थांबून पाटी वाचली. एका वर्गाच्या खिडकीतून आत बाक दिसत होते. ते काचेला दोन्ही हात लावून बघत राहिले. नंतर आम्ही जुन्या पुलावर गेलो. पर्यटकांची गर्दी होती. पुलाच्या मध्यावर एका कठड्याशी उभं राहून आम्ही दशम्या खाल्ल्या. नदी खालून जात होती.

"आवडलं?" त्यांनी विचारलं.

"आवडलं."

"पण?"

"बाबा, मला दुकानात जायचंय."

ते दशमीचा तुकडा चटणीत बुडवून तसाच धरून राहिले. मग म्हणाले, "का, ते मला नीट सांग. आईला सांगतेस तसं नको. मला सांग."

मी सांगितलं. इथे पुस्तकावर निबंध लिहायचे आणि ते एका माणसाने वाचायचे. तिथे ते पुस्तक रोज कुणाच्या तरी हातात जातं. मला ते हातात जाताना बघायचं आहे. मी अठरा वर्षांची होते, मला याहून नीट सांगता आलं नाही. आजही येणार नाही.

"पगार कमी असेल."

"हो."

"लोक विचारतील."

"कुठले लोक?"

ते हसले. "गेनाऊ," म्हणाले. बरोबर बोललीस, असं म्हणायचं असलं की ते आमच्या घरातही तो जर्मन शब्द वापरायचे. "कुठले लोक. तू जा दुकानात. मी आहे."

आईला त्यांनीच सांगितलं. कसं, ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी आई माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी दुकानात घालायला बंद बूट घे म्हणाली, दिवसभर उभं राहायचं तर पाय दुखतील.

पुढे मी दुकानाजवळच्या एका खोलीत राहायला गेले. बहुतेक शनिवारी सकाळी बाबा एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने यायचे. स्टेशनवरच्या बेकरीतून तीन ब्रेत्सेल, म्हणजे खारट पावाची वेटोळी आणायचे, लोणी लावलेली. एक मला, एक मालकीणबाईंना आणि एक त्यांना. प्रवासवर्णनांच्या कपाटाजवळ एक उंच स्टूल होतं, त्यावर ते बसायचे. गर्दी असली तर गप्प बसून गिऱ्हाइकं बघायचे. ओसरली की 'तर मग' अशा अर्थाच्या जर्मन शब्दाने सुरुवात करून विचारायचे, "आल्झो, या आठवड्यात काय?"

मग मी त्यांना सांगायचे. कुठलं पुस्तक आलं, कुठलं परत पाठवावं लागलं, मी काय वाचलं, त्यात काय होतं. रविवारचं पान ऐकायचे तसेच ते हे ऐकायचे, डोळे मिटून. कधी म्हणायचे, "हं, परत. तो भाऊ परत कसा आला म्हणालीस?"

मालकीणबाई त्यांना चिडवायच्या. "तुमचे वडील एकही पुस्तक विकत घेत नाहीत," त्या मला म्हणायच्या, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "पण सगळी ऐकून जातात. अगदी इथलेच झाले. पैशाला जपणाऱ्या आम्हा इथल्या श्वाबी लोकांपेक्षा चिकट."

बाबा ब्रेत्सेल वर करून म्हणायचे, "मी भरपाई देतो, बाई."

मला वाटायचं, माझ्या वडिलांसारखे वडील कुणाला नाहीत.

काही गोष्टी तेव्हा दिसत होत्या. गणपतीत मंडळातल्या एका काकांनी विचारलं, "मुलगी काय करते?" तेव्हा बाबा म्हणाले, "पुस्तकांच्या क्षेत्रात आहे." मी शेजारी आरतीचं ताट धरून उभी होते. मला ते शब्द आवडले. क्षेत्र. दुकानाहून मोठं वाटत होतं. आणि डिसेंबरात आईबाबा पुण्याला जायचे तेव्हा ते मला म्हणायचे, "तू राहा. ख्रिसमसची गर्दी असते, मालकीणबाईंची अडचण होईल." ते खरंच होतं. वर्षातली अर्धी पुस्तकं आम्ही त्याच दिवसांत विकायचो. माझ्या कामाची त्यांना कदर आहे, असं मी धरलं. ते पुण्याहून व्हिडिओ कॉल करायचे. आत्या विचारायची, "काय ग, अभ्यास काय म्हणतोय?" मला तेव्हा व्यवसायशाळेची परीक्षा असायची, मी म्हणायचे, "चाललाय." मग फोन बाबांच्या हातात जायचा. फोन नेहमी त्यांच्याच हातात असायचा.

आउसबिल्डुंग संपलं. मी त्याच दुकानात कायमची लागले. बाबांनी तिघांसाठी ब्रेत्सेलऐवजी केक आणला, त्यावर क्रीमने पुस्तक काढलेलं होतं. मालकीणबाई म्हणाल्या, पुस्तक उलटं आहे. बाबा म्हणाले, मराठी पुस्तक असेल. मराठी काय उलटं असतं का, मी म्हणाले, आणि आम्ही तिघं हसलो.

वडील मार्चमधल्या एका सकाळी ऑफिसला निघताना गेले. बूट घालायला वाकले ते उठले नाहीत. त्याबद्दल मला इथे जास्त लिहायचं नाही. कागदपत्रं होऊन अस्थी हातात यायला बरेच दिवस गेले. पुण्याच्या गुरुजींनी सांगितलं, अस्थी आल्या की त्या दिवसापासून तेरा दिवसांचे विधी इथे करू. म्हणून आम्ही पुण्याला गेलो, आणि आत्याच्या बैठकीत मला हायडेलबर्गला शिकणारी मुलगी भेटली.

पुढच्या दोन-तीन दिवसांत ती मला हळूहळू कळत गेली. भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्याबद्दल थोडं काही जाणून होता. ती नदीजवळच्या खोलीत राहायची. तिने बी.ए. केलं होतं, मग एम.ए., आणि आता पीएचडी. बाबांनी तिला वर्षावर्षाने पुढे नेलं होतं, माझ्या बरोबरीने. मी ज्या वर्षी परीक्षा दिली त्या वर्षी तिने दिली. मी कायमची लागले तेव्हा तिला शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या प्रोफेसर उंच होत्या, खरखरीत आवाजाच्या, आणि बाबांना चिकट म्हणून चिडवायच्या. हे ऐकलं तेव्हा मी उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

ती जे वाचत होती ते सगळं मी वाचलं होतं. ती जे बोलत होती ते मी शनिवारी बोलले होते.

त्या दुपारी आई गॅलरीत वाळलेल्या साड्यांच्या घड्या करत होती. मी साडीचं दुसरं टोक धरलं.

"तुला माहीत होतं?"

ती घडी जुळवत राहिली. "टोक नीट धर."

"आई."

"सुरुवातीला ते खोटं नव्हतं," ती म्हणाली. "आत्याने विचारलं, ॲडमिशन कुठे झाली? ते म्हणाले, हायडेलबर्गला मिळाली. मिळालीच होती की. पुढच्या वेळी तिने विचारलं, कसं चाललंय? ते म्हणाले, छान चाललंय. तुझं छानच चाललं होतं."

"आणि प्रोफेसर?"

"ते नंतर."

"तू थांबवलं नाहीस?"

"तू तिथे नसायचीस. मी समोर असायचे. फोनवर तुझ्याबद्दल सांगायला लागले की त्यांचा चेहरा कसा व्हायचा, ते तुला माहीत नाही." तिने साडी माझ्या हातातून घेतली. "इथे दुकानात आहे म्हटलं की लोकांना काय दिसतं? काउंटरमागची मुलगी."

"मी काउंटरमागचीच मुलगी आहे."

"ते मला माहीत आहे," आई म्हणाली. "आता तेराव्यापर्यंत काही बोलू नकोस. लोक येताहेत. त्यांचं नाव आत्ता नको खराब करूस."

मला त्यांचं नाव खराब करायचं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की त्या पुलावर ते 'मी आहे' म्हणाले ते खरं होतं की नाही, हे कुणीतरी सांगावं. सांगू शकेल असा माणूस राहिला नव्हता. आणि तरीही मी तेराव्यापर्यंत गप्प राहिले असते. मला गप्प राहता येतं. माझ्या आतेबहिणीने विचारलं नसतं तर.

ती आत्याची धाकटी मुलगी, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बाराव्या दिवशी उद्याच्या जेवणासाठी आम्ही दोघी गच्चीवर पत्रावळी पुसत बसलो होतो. ती म्हणाली, "ताई, एक विचारू? तुला कधी वाईट वाटतं का?"

"कशाचं?"

"दुकानात नाही गेलीस त्याचं."

माझा हात थांबला.

"मामाने सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "बारावी झाल्यावर मला बेकरीचा कोर्स करायचा होता. ब्रेड, केक, ते सगळं. आई रडायला लागली. मग मामाने फोनवर समजावलं. म्हणाला, माझी मुलगीपण अशीच अडून बसली होती, पुस्तकांच्या दुकानात जाणार म्हणून. मी तिला हायडेलबर्गला घेऊन गेलो. पुलावर उभं राहून बोललो आम्ही. तिला पटलं. आज बघ कुठे आहे." तिने एक पत्रावळ उलटीसुलटी करून बघितली. "म्हटलं, तू एवढी हुशार, तू ऐकलंस. म्हणून मग मीपण ऐकलं."

पुलावरचं बोलणं मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मालकीणबाईंनाही नाही. ते आम्हा दोघांचं आहे, असं मी समजत होते. त्यांनी ते दिलं, आणि देताना उलटं करून दिलं.

मी तिला सांगितलं. थोडक्यात, न रडता. मी हायडेलबर्गला शिकायला कधी गेले नाही. मी दुकानातच गेले, आणि मामाच हो म्हणाला होता.

तिला हलकं वाटेल असं मी का धरलं, कोण जाणे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिचा चेहरा लाल झाला.

"मग मला आत्ता कशाला सांगतेस?"

"तू विचारलंस म्हणून."

"तुला हो म्हणाला आणि मला नाही?"

मी पुसलेली पत्रावळ पुन्हा पुसली.

"आता मी कुणाशी भांडू?" ती म्हणाली. "तो तर गेला." आणि पत्रावळी तशाच टाकून खाली गेली.

हाच प्रश्न माझा होता. तिने तो मोठ्याने विचारला एवढंच.

संध्याकाळी आत्याने मला आतल्या खोलीत बोलावलं. आई पलंगावर बसली होती. आत्याच्या हातात वाती वळायचा कापूस होता, आणि ती बोलताना वाती वळत राहिली.

"धाकटीने सांगितलं मला," ती म्हणाली. "बस."

मी बसले. मला वाटलं, आता होईल. आत्या रागावेल, रडेल, भावाला चार शब्द बोलेल, आणि मग तो विषय उघडा तरी होईल.

"कधी सोडलंस?" आत्याने विचारलं.

"काय?"

"कॉलेज. पहिल्याच वर्षी, की नंतर?"

मला कळायला वेळ लागला.

"आत्या, मी सोडलं नाही. मी गेलेच नव्हते. बाबांना माहीत होतं. ते दर शनिवारी दुकानात यायचे."

"दादा खोटं बोलत नाही," आत्या म्हणाली. ती आवाज चढवत नव्हती, आणि ते जास्त कठीण होतं. "लहानपणापासून ओळखते मी त्याला. परीक्षेत नापास झाला तर घरी येऊन आधी सांगायचा. माझ्याशी कशाला खोटं बोलेल? तू सोडलं असशील. होतं असं, झेपत नाही, भाषा परकी. मी नावं ठेवत नाही तुला. पण त्याला सांगायचं होतंस ग. शेवटपर्यंत सगळ्यांना किती कौतुकाने सांगत होता बिचारा."

मी आईकडे बघितलं. तिने एक वाक्य बोलायचं होतं. एकच. ती पलंगावरची चादर तळहाताने सारखी करत होती. एका बाजूला तिचा नवरा होता, बारा दिवसांचे विधी झालेला, आणि दुसऱ्या बाजूला मी. तिने चादरीची सुरकुती काढली, पुन्हा काढली.

"वहिनी, तुम्हाला तरी माहीत होतं का?" आत्याने विचारलं.

"नाही," आई म्हणाली.

आत्याने वात तबकात ठेवली. "बघ," ती मला म्हणाली. "आईलाही नाही सांगितलंस."

मी ते खोडलं नाही. खोडायला माझ्याकडे काय होतं? शनिवार होते, स्टूल होतं, उलटं पुस्तक काढलेला केक होता. त्यातलं काही पुण्यात नव्हतं. आणि आत्याने ज्यांचं ऐकलं असतं असे दोनच साक्षीदार होते. एक गेला होता. दुसरीने आत्ताच नाही म्हटलं होतं.

तेराव्याचं जेवण झालं. वडिलांच्या फोटोला हार घातला होता. लोक फोटोसमोर हात जोडायचे आणि मग माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायचे, किंवा मला तसं वाटायचं. त्या शिक्षिकाबाई आल्या होत्या. या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही. पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "होतं ग असं. पुन्हा सुरू करता येतं." आतेबहीण वाढत होती. माझ्या पानात तिने जिलबी वाढली, माझ्याकडे न बघता.

परतीच्या विमानात आई आणि मी शेजारी बसलो होतो. फ्रँकफुर्ट यायच्या थोडं आधी ती म्हणाली, "त्यांचं तेवढंच राहिलं होतं ग तिथे. नाव."

"आणि माझं?"

"तू इथे राहतेस," आई म्हणाली.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. मी हे सावकाश लिहिते आहे, दुकान बंद झाल्यावर थोडं थोडं. वडिलांवर रागावायचं कसं, हे मला अजून जमलेलं नाही. रागावायला बसले की ते डोळे मिटून ऐकताना दिसतात, आणि मग वाटतं, ते कुणाचं ऐकत होते? माझं, की त्या हायडेलबर्गच्या मुलीचं? मी बोलत असताना ते मनात दुसऱ्या कुणासाठी वाक्यं जमवत होते का? की आधी ऐकायचे, आणि घरी जाताना गाडीत त्यांना ती सुचायची? यातलं दुसरं असलं तर मी त्यांना माफ करू शकेन, असं वाटतं. पण ते कळायचा मार्ग नाही. एखादं वाक्य बोलताना मी अजूनही अडखळते. हे आता कुठे जाईल, असं वाटतं.

मालकीणबाईंना मी एवढंच सांगितलं की पुण्यात सगळे विधी नीट झाले. त्यांनी स्टूल हलवलं नाही. आता त्यावर गिऱ्हाइकांची मुलं बसतात. शनिवारी त्या दोनच ब्रेत्सेल आणतात.

गेल्या महिन्यात एक मुलगी आईबरोबर दुकानात आली. आबिटूर झालेली, आउसबिल्डुंगबद्दल विचारत होती. तिच्या आईने मला विचारलं, यात पुढे काही आहे का? मी सांगितलं, सकाळी क्रेट येतात, पाय दुखतात, पगार कमी असतो आणि मला हे काम आवडतं. मुलीकडे बघून आणखी काही सांगावंसं वाटलं. घरी काय सांगायचं ते आजच ठरव, आणि कोण कुणाला काय सांगतं ते ऐकत जा. पण ते मी बोलले नाही.

आतेबहीण तिसऱ्या वर्षाला गेली. ती माझ्या निरोपांना उत्तर देत नाही. आई रविवारी फोन करते. मी उचलते, आम्ही जेवणाबद्दल आणि हवेबद्दल बोलतो. पुण्यात मी शिक्षण सोडून वडिलांना फसवलेली मुलगी आहे. इथे मी सकाळी दुकान उघडते आणि चिठ्ठ्या घालून पुस्तकं फळीवर लावते. हायडेलबर्गच्या पुलावर आम्ही दोघंच होतो. तिथे बाबा काय म्हणाले, ते ऐकलेली आता एकटी मीच आहे.